डावीकडची उगवत

सर, उद्या सकाळी शाळेच्या नव्या प्रयोगशाळेला तुमचं नाव लागणार आहे आणि त्या कार्यक्रमात दोन शब्द मी बोलायचे आहेत. हेडमास्तरांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि म्हणाले, "म्याडम, तुमीच बोला. तुमी त्यायच्या विद्यार्थिनी, अन् आज त्यायचाच विषय त्यायच्याच वर्गात शिकवता. तुमच्यापरीस जवळचं कोन हाये?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, त्यांनी आपलं हो धरलं. फ्लेक्स छापून आलंय. त्यावर तुमचा चष्म्यासकट फोटो आहे आणि खाली मोठ्या अक्षरात 'दीपस्तंभ' असं लिहिलंय. वाशीम जिल्ह्यात दीपस्तंभ कोणी पाहिलाय, सर? समुद्र कुठे आणि आपण कुठे. पण मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तसं तुमचं चाललंय सध्या. जो तो तुमच्या आठवणी काढतोय आणि प्रत्येक आठवणीत तुम्ही थोडे थोडे उंच होत चाललाय.

लोक म्हणतात, सर गेले. मी ते ऐकते आणि मनात म्हणते, कुठून गेले, कुठे गेले, कोणत्या दिशेने गेले, ते सांगा, नाहीतर अर्धा मार्क कापीन. ही तुमचीच धमकी. नुसतं 'गेला' म्हणणाऱ्या पोराला तुम्ही खाली बसू देत नव्हतात. तर आता माझ्यापुढे सवाल एवढाच आहे की उद्या माईकसमोर उभी राहून मी तुमच्याबद्दल खरं बोलायचं की बरं बोलायचं. आमची नववीची तुकडी झाडून सगळी येणार आहे. ग्रुपवर कालपासून मेसेज सुरू आहेत. त्यातल्या एकाने, तो आता रिसोडला खताचं दुकान चालवतो, मला लिहिलं, 'काय वं डावीकडची उगवत, उद्या भेटू,' आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे ओळीने लावले. मी चाळिशीला टेकले, सर. माझ्या हाताखालून शिकलेल्या पोरी आता नर्स आहेत, एक तर बँकेत आहे. पण त्या ग्रुपवर माझं नाव अजून तुम्ही ठेवलेलंच आहे.

तुम्ही वाईट शिकवत असतात तर बरं झालं असतं. वाईट मास्तरचा राग करायला कष्ट पडत नाहीत. पण तो पहिला तास माझ्या डोळ्यांसमोर लख्ख आहे. तुम्ही वर्गात येता, चपला काढता आणि सरळ टेबलावर चढून उभे राहता. वर्ग गार. तुम्ही विचारता, "मी कुठे आहे?" कोणी म्हणतं टेबलावर, कोणी म्हणतं वर्गात, मागून कोणीतरी हळूच म्हणतं, "वरतं." तुम्ही म्हणता, "दारापासून सांगा. आता खिडकीपासून सांगा. आता या पोरीच्या बाकापासून सांगा." प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं आणि तुम्ही तर जागचे हलत नाही. मग तुम्ही खाली उतरून सांगता, की जागा एकटी कधी सांगता येत नाही. कशापासून, ते आधी ठरवा. तो बिंदू ठरवायचा अधिकार तुमचा, दिशा ठरवायचा अधिकारही तुमचा, पण एकदा ठरवली की मग तिच्याशी इमान राखा. त्यानंतर तुम्ही वर्गातून निघून मैदानाला मोठी चक्कर मारलीत, घामाघूम होऊन परत टेबलापाशी आलात आणि म्हणालात, "एवढा चाललो. अंतर झालं. विस्थापन किती?" मी हात वर केला आणि म्हटलं, "काहीच नाही सर. तुमी जिथल्या तिथं." तुम्ही मान हलवलीत. शाब्बास म्हणाला नाहीत, पण मान हलवलीत. त्या एका मानेवर मी महिनाभर उडत होते.

'दिशा ठरवायचा अधिकार तुमचा.' हे वाक्य तुम्ही बोललात. मी ते खरं मानलं. माझी पहिली चूक ती.

आमच्या घरी दिशा शिकवाव्या लागत नव्हत्या. केनवडच्या अलीकडे रस्त्यापासून आत आमची दहा-बारा घरांची वस्ती. तिथे डावं-उजवं हे शब्द बैलजोडीसाठी आणि जेवायच्या हातासाठी. बाकी सगळं उगवत आणि मावळत. आई चुलीपुढे बसून, मान न वळवता सांगायची, "त्या उगवतीच्या कोनाड्यातली हिंगाची डबी दे वं." पाहुणा आला तर "मावळतीच्या खोलीत बाज टाका." बाबा म्हणायचे, आज खालच्या वावरात उगवतीच्या धुऱ्याकडून, म्हणजे तिकडच्या बांधाकडून, डवरायला-कोळपायला लागू. घरात कोणी कुठेही तोंड करून उभा असो, कोनाडा आपल्या जागी. डावा हात माणसाबरोबर फिरतो, उगवत फिरत नाही, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून नकाशा हे प्रकरण मला उशिरा कळलं. कागदाच्या वरच्या बाजूला उत्तर असते हे भूगोलाच्या पुस्तकात मी वाचलं होतं, पाठही केलं होतं, पण ते भूगोलापुरतं, असं मी समजत होते.

सहामाहीच्या पेपरात तुम्ही विचारलंत: एक माणूस घरातून निघून पूर्वेला तीन किलोमीटर जातो, मग वळून उत्तरेला चार किलोमीटर जातो. आकृती काढून विस्थापन सांगा. आपला फळा दक्षिणेच्या भिंतीला. म्हणजे आम्ही सगळे दक्षिणेकडे तोंड करून बसलेले. पूर्व आमच्या डाव्या हाताला, उत्तर पाठीमागे. मी पेनाने बिंदू काढला आणि माणसाला पूर्वेला पाठवलं, म्हणजे खरोखरच्या पूर्वेला, डावीकडे, खिडकीच्या दिशेने. मग उत्तरेला, म्हणजे माझ्या पोटाकडे, खाली. दोन रेघा, मग तिरपी तिसरी. उत्तर आलं पाच किलोमीटर. मला त्यात काही विचित्र वाटलंच नाही. त्या खिडकीतून बाहेर पडून तो माणूस तसाच चालत सुटला असता तर अचूक पूर्वेला पोचला असता.

पेपर वाटायचा दिवस. सकाळची शाळा. तुम्ही सगळ्यांचे पेपर वाटता आणि माझा तेवढा स्वतःच्या हातात ठेवता. मला वाटतं, सगळ्यात जास्त मार्क असतील म्हणून ठेवलाय. खरंच असं वाटलं होतं, सर; आज हे लिहितानाही कान तापतात. तुम्ही माझी आकृती वर्गासमोर धरता. पुस्तकी भाषा सोडून तुम्ही बोलीत शिरता, आणि तुम्ही बोलीत शिरलात की कोणाची तरी चामडी निघणार हे वर्गाला माहीत असतं.

"पाहा रे. हिचा मानूस पूर्वेले चालला." आणि बोट हळूहळू डावीकडे नेता. "काहून वं, पूर्व डाव्या हाताले कशी असंन?"

मी उभी राहून खिडकीकडे हात करते. "सर, उगवत तिकडंच हाये."

"तिकडं वावरात असंन तुह्या बापाच्या. कागदावर सूर्यालेबी उजवीकडंच उगवा लागते."

वर्ग फुटतो. पोरं बाकांवर मुठी आपटून हसतात. डाव्या खिडक्यांतून कोवळं ऊन आत येतंय आणि हसणाऱ्या प्रत्येक पोराच्या डाव्या हातावर पडलंय. मला ते दिसतंय. मी ते त्यांना सांगू शकत नाही, कारण तोंड उघडलं तर रडू येईल. मी फक्त एवढंच म्हणते, "पन उत्तर पाचच येते ना सर." आणि तुम्ही, क्षणभर थांबून, लाल पेनाने त्या पाचावर काट मारता. म्हणता, "उत्तर बाजूवालीचं पाहून आलं असंन. आकृती तेवढी स्वतःची. बस खाली, डावीकडची उगवत." पाचापैकी भोपळा. तो भोपळा मी विसरले असते. ते 'बाजूवालीचं पाहून' मी विसरणार नाही. ज्या पोरीच्या घरात कोणी कधी दुसऱ्याची काडीही उचलली नव्हती, तिला तुम्ही भर वर्गात चोर केलंत, आणि तेही एक विनोद मोडू नये म्हणून.

घरी सांगितलं तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हासतीन त्याचे दात दिसतीन. तू कायले रडून राह्यली?" मग थोडा वेळ गेल्यावर तीही हसली. म्हणाली, "मंग दुसरीकडं तोंड करून बसाचं होतं." बाबा तर वस्तीभर सांगत सुटले की आमच्या पोरीला वावरात एकटी धाडू नका, दिशा चुकून मराठवाड्यात निघून जाईल. त्यांना ती गंमत वाटली. गंमत म्हणूनच ती घरात राहिली आणि पुढे तीच माझ्या मुळावर आली. दहावीला मार्क चांगले पडले. मी सायन्स म्हणत होते. बाबांनी केनवडच्या बाजारात तुम्हाला गाठून विचारलं, कारण त्यांच्या लेखी तुमचा शब्द म्हणजे शेवटचा. तुम्ही हातातली भाजीची पिशवी खाली न ठेवता सांगितलंत, "पोरगी मेहनती हाये. पन डोकं सायन्सचं नाही. तिले दिशाच समजत नाही." बाबा घरी आले आणि पगडी उतरवावी तशी ती गोष्ट खुंटीला टांगून मोकळे झाले. मी आर्ट्सला गेले. रोज एसटीने जायचं, यायचं. तुमच्या भाषेत, अंतर भरपूर, विस्थापन शून्य.

तिथून मला मावशीने ओढून काढलं. ती कारंजा लाडला राहायची. तिने बाबांशी भांडण केलं, मला आपल्या घरी नेलं आणि पुन्हा अकरावीत सायन्सला घातलं. वर्ष गेलं ते गेलंच. पण तिथे सदिश शिकवायला लागले तेव्हा प्राध्यापक फळ्यावर दोन अक्ष काढून म्हणाले की हे अक्ष हवे तसे फिरवा, विस्थापनाची लांबी बदलत नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. मी वहीच्या मागच्या पानावर माझी जुनी आकृती काढली: डावीकडे तीन, खाली चार. मग वही बाकावर हळूच फिरवली, अर्धा फेरा, वरची बाजू खाली. पुस्तकातली आकृती समोर आली. तंतोतंत. उजवीकडे पूर्व, वर उत्तर, तिरपी रेघ पाच. नुसता पेपर उलटा धरायचा होता, सर. वर्गासमोर तो हातात धरूनच उभे होतात तुम्ही. मनगट वळवायचं होतं. आपण बरोबर होतो हे कळल्यावर माणसाला आनंद होत असेल. मला झाला नाही. मला इतका राग आला की मावशीने वाढलेलं ताट मी तसंच ठेवलं, आणि ती बिचारी मीठ जास्त पडलं का म्हणून चाखून बघत बसली.

तेव्हापासून एकच प्रश्न मी घेऊन फिरले. तुम्हाला कळलं नव्हतं, की कळलं होतं? कळलं नसेल तर तुम्ही अडाणी, आणि अडाण्यावर काय रागवायचं. कळलं असेल तर मग गोष्ट वेगळी. बीएस्सी झाले, बीएड झाले, लग्न झालं, संस्थेने फिरवत फिरवत याच शाळेत आणून टाकलं, आणि प्रश्न बरोबरच होता. वर्गही तोच मिळाला. फळा अजून दक्षिणेलाच आहे. नववीला गतीचं प्रकरण आलं की मी चपला काढते आणि टेबलावर चढते. "मी कुठे आहे?" पोरं गार होतात. तुमचा तास मी चोरते, सर, दरवर्षी चोरते, कारण त्याहून चांगला तास मला सुचलेला नाही, आणि याचीही मला चीड आहे. एक फरक मात्र केलाय. टेबलावरून उतरायच्या आधी मी पोरांना उगवत कुठे ते दाखवायला लावते. सगळे हात खिडकीकडे जातात. मग मी सांगते की आता कागद कसाही धरा, बाण कोणीकडे ते लिहा म्हणजे झालं.

आणि मग ती कारंज्याची सकाळ. मावशीच्या घरी लग्न होतं. हळदीच्या दिवशी मावशी म्हणाली, "तुहे सर लकव्यानं पडले म्हनते. इथंच मागच्या गल्लीत पोराजवळ राह्यतेत. जाऊन भेटून ये." मी गेले. खोटं कशाला बोलू, समाचाराला नव्हते गेले. मी तुम्हाला पडलेलं बघायला गेले होते. सूनबाईंनी दार उघडलं आणि पुढच्या खोलीत नेलं. लोखंडी पलंगावर तुम्ही उताणे. उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं, डावा हात चादरीवर. पायांच्या भिंतीवर मोठा टीव्ही सुरू. सूनबाई म्हणाल्या, "मामाजी, कोन आलं पाहा," आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"कोन?"

"मी, सर. डावीकडची उगवत."

तुम्ही चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलंत. ओळखलंत की नाही ते कळेना. मग जीभ जड होती तरी एकेक शब्द नीट लावून तुम्ही विचारलंत, "ऊन कोन्या हातावर हाये माह्या?"

"डाव्या."

"सकाळ हाये ना?"

"हो."

"मंग पाय कोनीकडं झाले?"

आणि मी, मूर्खासारखी, वर्गात उभी असल्यासारखं पटकन उत्तर दिलं. "दक्षिणेकडे."

"मंग? मी मेलो काय?" तुमचा चांगला डोळा भरून आला होता. "जित्या मानसाचे पाय दक्षिणेले करते काय कोनी? टीव्ही दिसला पायजे म्हून यायनं खाट फिरवली. सांगून राह्यलो, कोनाले समजत नाही. फिरव वं."

दिशा, सर. शेवटी तुम्हालाही खरी दिशा हवी झाली. कागदावरची नव्हे, वावरातली, माझ्या बापाच्या. दक्षिणेला पाय हे मढ्याचे, हे आमच्या वस्तीवर तान्ह्या पोरालाही माहीत. आणि तुम्ही ते उन्हावरून ताडलं होतंत, पडल्या पडल्या, एका हाताच्या जोरावर. तुमचं डोकं शाबूत होतं. मला दया यायला हवी होती. आली नाही. इतकी वर्षं तयार असलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. मी म्हटलं, "काहून सर, पूर्व डाव्या हाताले कशी असंन?"

टीव्हीवर कोणीतरी मसाल्याची जाहिरात करत होतं. तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं, झोपलात. मग तुम्ही डोळे न उघडता बोललात.

"घरी नेला होता तुहा पेपर. त्याच दिवशी. फिरवून पाह्यला."

"मग?"

"बरोबर होतं."

"मग मार्क काहून नाही देले? बाजारात बाबांना तसं काहून सांगितलं?"

तुमचा डावा हात चादरीवर थोडा उचलला गेला आणि परत पडला. "पोरं हासून झाली होती," तुम्ही म्हणालात.

एवढंच. क्षमा नाही, चुकलं नाही. पोरं हासून झाली होती. एकदा हसलेला वर्ग परत गंभीर कसा करायचा हे तुम्हाला येत नव्हतं, म्हणून माझं एक वर्ष गेलं. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. बाजारात बाबांशी बोलतानाही कळलेलं होतं, भाजीची पिशवी हातात धरून. मला उत्तर मिळालं, आणि ते मला हवं होतं त्याहून हलकं निघालं. माणूस दुष्ट निघाला असता तर त्याचा द्वेष करताना निदान वजन तरी लागलं असतं हाताला. तुम्ही नुसते भित्रे निघालात.

पलंग आम्ही फिरवला. मी आणि सूनबाई, एक उशाकडून, एक पायथ्याकडून. फरशीवर लोखंड कर्र वाजलं. अर्धा फेरा. ऊन तुमच्या उजव्या हातावर आलं, ज्याला ते कळत नव्हतं. टीव्ही तुमच्या डोक्यामागे गेला. सूनबाई पुटपुटल्या, "आता मामाजी दिवसभर मान मोडून पाह्यतीन." मी तुमच्यासाठी फिरवला नाही, सर, हे नीट ऐका. आमच्यात जित्या माणसाचे पाय तिकडे ठेवत नाहीत. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तरी फिरवलाच असता. मी निघाल्यावर त्यांनी परत टीव्हीकडे फिरवला असेल. मी कधी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आता उद्याचं. ठरलं आहे माझं. मी खरं बोलणार आहे. माईक हातात घेऊन तो सहामाहीचा पेपर सांगणार आहे, तुमच्याच आवाजात, 'सूर्यालेबी उजवीकडंच उगवा लागते' सकट. मग एक मोठा कागद धरीन, डावीकडे तीन, खाली चार, आणि सगळ्यांसमोर तो उलटा करीन. खतवाला हसेल, सगळी तुकडी हसेल, या वेळी कोणावर ते त्यांनाही कळेल. तेव्हा मी फ्लेक्सवरच्या तुमच्या चष्म्याकडे बघणार आहे. हेडमास्तर अस्वस्थ होतील, होऊ देत. नंतर फीत कापा, नाव लावा, पेढे वाटा, माझी हरकत नाही. तास चांगला घेत होतात हेही सांगीन, कारण ते खोटं नाही.

पण पलंगावरचं तुमचं ते बोलणं मी सांगणार नाही. ते सांगितलं की पुढे काय होईल मला माहीत आहे. लोक डोळे पुसतील. म्हणतील, बघा, केवढं मोठं मन, शेवटी विद्यार्थिनीजवळ कबूल केलं. तुमच्या दीपस्तंभाला आणखी एक मजला चढेल आणि तोही माझ्या विटांचा. नाही, सर. 'बरोबर होतं' हे तुम्ही मला दिलेलं एकुलतं एक आहे, ते मी वाटणार नाही. प्रयोगशाळेला तुमचं नाव लागो. त्या दोन शब्दांना लागू देणार नाही.

हे पाठवायचं कुठे? पाठवायला ठिकाण लागतं, आणि ठिकाण कशापासून सांगायचं ते आता तुमच्याबाबतीत कोणीच ठरवू शकत नाही. कागद माझ्याजवळच राहील. तेव्हा एक राहिलेलं लिहून टाकते, कोणी वाचणार नाहीच. तुम्ही 'पोरं हासून झाली होती' म्हणालात आणि त्याच वेळी सूनबाई चहा घेऊन आल्या. तुमचे पाय दक्षिणेला होते, तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि मी आधी चहा घेतला. कडक गरम होता. बशीत ओतून घेतला असता तर लवकर संपला असता. मी कपातूनच प्याले, फुंकर मारून मारून, सगळा.